मत्स्यालयाच्या पाण्याचे रेझीन लवकर का संपते?

शोभिवंत मासे पाळणे हा आता केवळ शहरातल्या हौशी लोकांचा छंद राहिलेला नाही. घराच्या पडवीत किंवा शेतातील शेडमध्ये काचेच्या आणि सिमेंटच्या टाक्या मांडून शेतीला जोडधंदा म्हणून हे काम करणारे तरुण ठिकठिकाणी आहेत. सुरुवात बहुधा गप्पी, मॉली आणि गोल्डफिश यांपासून होते. हात बसला की डिस्कससारख्या नाजूक व महाग माशांकडे किंवा समुद्री माशांच्या टाकीकडे लक्ष जाते, आणि तेथे बोअरचे पाणी चालत नाही. मग आर.ओ. यंत्र येते आणि त्याच्या पुढे रेझीनचे नळकांडे जोडले जाते.

यानंतरची तक्रार जवळजवळ ठरलेली असते : "विकणाऱ्याने सहा महिने चालेल असे सांगितले, पण रेझीन तीन आठवड्यांत संपले." माणूस दुसरे रेझीन आणतो, तेही तसेच संपते. पुढे एकतर तो या खर्चाला कंटाळून धंदा बंद करतो, नाहीतर संपलेल्या रेझीनमधूनच पाणी घेत राहतो आणि एक दिवस टाकीतले मासे पाण्यावर येऊन धापा टाकताना दिसतात. खरे म्हणजे अशा बहुतेक ठिकाणी रेझीन निर्दोष असते. दोष त्याच्या आधीच्या भागात असतो आणि रेझीन फक्त त्याची किंमत मोजत असते. हा दोष घरच्या घरी कसा शोधावा, ते या लेखात पाहू.

रेझीन म्हणजे काय?

मातीपरीक्षणाच्या अहवालात 'धन आयन विनिमय क्षमता' हा शब्द आपण वाचला असेल. काळ्या मातीचे कण ऋणभारित असतात. ते कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅश, अमोनियम यांचे धनभारित कण धरून ठेवतात आणि एक सोडून दुसरा घेतात. म्हणूनच अमोनियम सल्फेट टाकले तर त्यातील अमोनियम पहिल्या पावसाने वाहून जात नाही. ही गोष्ट प्रथम शेतीच्या अभ्यासातूनच कळली. इंग्लंडमध्ये थॉम्पसन यांनी मातीच्या थरातून अमोनियम सल्फेटचे पाणी सोडले, तेव्हा खालून कॅल्शियम सल्फेट, म्हणजे आपले जिप्सम, बाहेर आले. त्यांचे व वे या रसायनशास्त्रज्ञाचे हे काम १८५० मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे १९३५ मध्ये अ‍ॅडम्स व होम्स यांनी हाच गुण असलेली कृत्रिम राळ तयार केली. तिलाच बाजारात रेझीन म्हणतात.

मत्स्यालयाच्या नळकांड्यात दोन प्रकारच्या रेझीनचे बारीक मणी मिसळलेले असतात. एक प्रकार पाण्यातील कॅल्शियम, सोडियम असे धन आयन घेतो आणि हायड्रोजन सोडतो. दुसरा क्लोराईड, सल्फेट, नायट्रेट, बायकार्बोनेट असे ऋण आयन घेतो आणि हायड्रॉक्सिल सोडतो. सुटलेले दोन्ही एकत्र येऊन पाणीच बनते, क्षार मण्यांवर राहतात. मण्यांवरच्या जागा भरल्या की रेझीन संपले. यात ते गाळणीसारखे तुंबत नाही. शेणखताने भरलेल्या गाडीत आणखी पाटी मावत नाही, तसा हा प्रकार आहे. म्हणून रेझीन किती दिवस टिकेल हा प्रश्नच चुकीचा आहे. ते किती ग्रॅम क्षार उचलेल हे ठरलेले असते. दिवस ठरतात ते तुमच्या पाण्यावरून.

साधा हिशेब

एक लिटर मिश्र रेझीन मोटामोटी २५ ग्रॅम क्षार उचलते, असे धरून चालावे. हा आकडा कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात आहे. चांगल्या मालात तो थोडा जास्त, हलक्या मालात कमी असतो. आता आपल्या बोअरच्या पाण्यात दर लिटरला ८०० मिलिग्रॅम विद्राव्य क्षार आहेत, म्हणजे टी.डी.एस. ८०० आहे, असे समजा. आर.ओ.चे मेंब्रेन ९८ टक्के क्षार अडवत असेल तर पुढे १६ जातात आणि एक लिटर रेझीनमधून सुमारे १,५६० लिटर पाणी मिळते. मेंब्रेन ९५ टक्के अडवत असेल तर पुढे ४० जातात आणि पाणी मिळते ६२५ लिटर. अडवण्याची क्षमता ९० टक्क्यांवर आली की पुढे ८० जातात आणि रेझीन ३१२ लिटरमध्येच संपते.

येथे अनेकांची गफलत होते. ९८ आणि ९५ यांत तीनच टक्क्यांचा फरक दिसतो आणि माणूस म्हणतो, मेंब्रेन ठीक आहे. पण रेझीनला अडलेल्या क्षारांशी काही देणेघेणे नसते, निसटलेले क्षार त्याच्या वाट्याला येतात. ते दोनाचे पाच टक्के झाले, म्हणजे अडीच पट झाले.

म्हणून पहिले काम असे : पन्नास-शंभर रुपयांची बचत न करता एक बरा टी.डी.एस. मीटर घ्यावा आणि पाणी तीन ठिकाणी मोजावे. आर.ओ.मध्ये शिरणारे, मेंब्रेनमधून निघून रेझीनकडे जाणारे आणि रेझीनमधून बाहेर पडणारे. बहुतेक लोक फक्त शेवटचे मोजतात. मधला आकडा माहीत नसेल तर दोष सापडणे केवळ नशिबावर राहते. मेंब्रेन आणि रेझीन यांच्या मध्ये एक तीन तोंडांची छोटी कॉक बसवून घ्यावी. तिचा उपयोग मोजण्यासाठी तर होतोच, पुढे आणखीही होतो.

दाब पुरेसा आहे का?

आपल्याकडे मला सर्वात जास्त आढळणारा दोष हा आहे. घरगुती आर.ओ. मेंब्रेनला साधारण ३.५ ते ४ किलो प्रति चौरस सेंटीमीटर दाब लागतो. ठिबक सिंचन वापरणाऱ्यांना हे माप परिचित आहे. दहा मीटर उंचीवरच्या टाकीतून जेमतेम एक किलो दाब मिळतो. घराच्या स्लॅबवरील टाकी तीन-चार मीटर उंच असते, म्हणजे दाब अर्धा किलोसुद्धा नाही. तेवढ्यावर आर.ओ. जोडले तर पाणी थेंब थेंब येते. लोक म्हणतात, हळू येऊ दे, रात्रभरात भरेल.

पण तोटा नुसत्या वेळेचा नाही. मेंब्रेनमधून पाणी दाबाने ढकलले जाते. क्षार मात्र दाब असो वा नसो, आपल्या गतीने पाझरतच असतात. दाब निम्मा झाला की पाणी निम्म्याहून कमी येते, क्षार तेवढेच येतात आणि आर.ओ.च्या पाण्याचा टी.डी.एस. दुप्पट होतो. यावर उपाय म्हणजे छोटा बूस्टर पंप. त्याचा खर्च एकदाच होतो, रेझीनचा खर्च मात्र दर महिन्याला येतो. पंप आधीपासून असेल तरी दाबमापक लावून पाहावे. गाळाची पहिली कँडल तुंबली असेल तर पंप चालू असूनही मेंब्रेनपर्यंत दाब पोचत नाही. पावसाळ्यात विहिरीचे पाणी गढूळ झाले की ही कँडल लवकर बदलावी लागते.

मेंब्रेन खराब आहे का?

दाब बरोबर असूनही मेंब्रेन ९५ टक्क्यांच्या खाली अडवत असेल तर पुढील गोष्टी पाहाव्यात. ग्रामपंचायतीच्या नळाला टी.सी.एल. पावडर टाकलेले पाणी येते. त्यातील क्लोरीन पातळ थराच्या मेंब्रेनला कायमचे जाळते. हे काम कोळशाच्या कँडलने अडवायचे असते. कोळसा संपला हे डोळ्यांना दिसत नाही, टी.डी.एस. मीटरवरही कळत नाही. त्यासाठी क्लोरीन तपासण्याचे साधे द्रावण वापरावे. कोळशाच्या पुढच्या पाण्यात क्लोरीन दिसता कामा नये. जे फक्त बोअरचे पाणी वापरतात त्यांना हा धोका नाही. त्यांना धोका आहे तो चुन्याचा. दख्खनच्या काळ्या पाषाणातील पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट भरपूर असते. चहाच्या भांड्याला आणि ठिबकच्या तोट्यांना जो पांढरा थर बसतो, तोच मेंब्रेनवर बसतो.

हा थर लवकर बसण्याचे मुख्य कारण आपला लोभ. आर.ओ.मधून वाया जाणारे पाणी पाहून जीव तुटतो, दुष्काळी भागात तर फारच. म्हणून काही जण वाया जाणाऱ्या नळीवरचा अडथळा घट्ट करतात. पाणी वाचते, पण मेंब्रेनच्या तोंडाशी क्षारांचा साठा वाढतो. तेथून पुढे जास्त क्षार पाझरतात आणि चुन्याचा थरही बसतो. कधी हा अडथळा आपोआप गाळाने बुजतो, परिणाम तोच. ठिबकच्या तोटीचा प्रवाह आपण बाटली आणि घड्याळ घेऊन मोजतो, तसेच दोन्ही नळ्यांचे पाणी दहा-दहा मिनिटे मोजावे. एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन ते चार लिटर वाया जाणे हे जड पाण्यासाठी योग्य प्रमाण आहे. वाया जाणारे पाणी खरोखर वाया घालवू नये. ८०० टी.डी.एस.च्या पाण्यातून एकास तीन प्रमाणात निघणारे पाणी सुमारे १,०६० टी.डी.एस.चे असते. ते नारळाला द्यावे, गोठा धुण्यास वापरावे. संत्रा-मोसंबी, घेवडा व कांद्याला मात्र ते नेहमी देऊ नये, ही पिके क्षारांना हळवी आहेत.

नवे मेंब्रेन बसवल्यावर लगेच टी.डी.एस. वाढलेला दिसला तर मेंब्रेनला दोष देण्याआधी ते काढून त्याच्या टोकाचे रबरी कडे पाहावे. ते चिमटले किंवा कापले गेले असेल तर कच्चे पाणी सरळ शुद्ध पाण्यात मिसळते. बसवताना कड्याला पाण्याचा हात लावावा, कोरडे दाबू नये. नव्या मेंब्रेनमध्ये ते टिकवण्यासाठी घातलेले द्रावण असते. पहिले काही तास निघणारे पाणी रेझीनमध्ये न सोडता फेकून द्यावे. आधी सांगितलेली तीन तोंडांची कॉक येथे उपयोगी पडते.

थोड्या थोड्या वेळाने चालणारे यंत्र

आणखी एक दोष यंत्र उघडून सापडत नाही, तो वापरण्याच्या पद्धतीत असतो. आर.ओ. बंद असताना मेंब्रेनच्या एका बाजूला खारे व दुसऱ्या बाजूला गोडे पाणी उभे राहते. दाब नसतो, पण क्षारांचे पाझरणे चालूच राहते. काही तासांत गोड्या बाजूचे थोडे पाणी बरेच खारे होते. यंत्र सुरू केल्यावर पहिल्या एक-दोन लिटरचा टी.डी.एस. नेहमीच्या कितीतरी पट असतो, मग हळूहळू खाली येतो. सकाळी यंत्र सुरू करताच आणि दहा मिनिटांनी असे दोनदा मोजून पाहा, खात्री पटेल.

आता ज्यांनी टाकीला तरंगता व्हॉल्व्ह लावून यंत्र आपोआप चालू-बंद होईल अशी सोय केली आहे, त्यांचे काय होते पाहा. पाणी दोन बोटे उतरले की यंत्र पाच मिनिटे चालते, थांबते, परत चालते. प्रत्येक वेळी तो पहिला खारा घोट रेझीनच्या माथी बसतो. मीटरने दुपारी मोजले तर सगळे उत्तम दिसते आणि रेझीन मात्र महिन्यात संपते. उपाय सोपा आहे. एक मोठा झाकणाचा ड्रम ठेवावा, आठवड्यातून एक-दोनदाच यंत्र तासन्‌तास चालवावे, आणि पहिल्या दहा मिनिटांचे पाणी कॉक फिरवून बादलीत घ्यावे. टाकीत भर घालायची ती ड्रममधून.

मीटरला न दिसणारा शत्रू

दाब आहे, मेंब्रेन ९८ टक्के अडवते, यंत्र सलग चालते, मधला टी.डी.एस. दहाच्या आसपास आहे, तरी रेझीन संपते. अशा वेळी बोअरच्या पाण्यातील विरघळलेल्या कार्बन डाय ऑक्साईडचा संशय घ्यावा. हा वायू आहे. तो मेंब्रेनमधून जसाच्या तसा पार जातो आणि टी.डी.एस. मीटरवर जवळजवळ दिसत नाही. रेझीनचे ऋण आयन घेणारे मणी मात्र त्याला बायकार्बोनेट म्हणून पकडतात आणि भरून जातात.

किती फरक पडतो? बोअरच्या पाण्याची अल्कता २५० मिलिग्रॅम प्रति लिटर आणि सामू ७ असेल, तर त्यात दर लिटरला ४५ ते ५० मिलिग्रॅम कार्बन डाय ऑक्साईड असतो. सामू ८ असता तर तो पाचच्या आसपास राहिला असता. दहा टी.डी.एस.च्या पाण्यावर एक लिटर रेझीन २,५०० लिटर चालायला हवे होते, ते या वायूमुळे जेमतेम ४०० लिटर चालते. शिवाय फक्त ऋण आयनांचे मणी भरतात, धन आयनांचे मणी अर्धे रिकामे असतानाच रेझीन टाकून द्यावे लागते. रंग बदलणारी दोन वेगळी रेझीन वापरणाऱ्यांच्या हे पटकन लक्षात येते. एक नळकांडे रंग बदलून मोकळे होते आणि दुसरे तसेच ताजे राहते.

याची परीक्षा अगदी सोपी आहे. बोअर थोडा वेळ चालू देऊन ताजे पाणी बरणीत घ्यावे व लगेच सामू मोजावा. मग त्यात माशांच्या टाकीचा हवेचा पंप लावून २४ तास बुडबुडे सोडावेत आणि पुन्हा सामू मोजावा. तो अर्ध्या-एका अंकाने वर गेला तर वायू निघून गेला असे समजावे. कोकणात जांभ्याच्या विहिरींचे पाणी बहुधा मृदू व थोडे आम्लधर्मी असते. तेथे टी.डी.एस. कमी म्हणून माणूस निर्धास्त राहतो आणि या वायूकडून फसतो.

उपाय म्हणजे पाण्याला हवा देणे. पण ती कोठे द्यावी याचा विचार करा. आर.ओ.च्या आधी जड पाण्यात हवा सोडली तर सामू वाढतो आणि चुना मेंब्रेनवर लवकर बसतो. म्हणून पठारावरच्या जड पाण्यासाठी आर.ओ.मधून निघालेले पाणी ड्रममध्ये घ्यावे, त्यात रात्रभर हवेचे दगड चालवावेत आणि सकाळी छोट्या पंपाने ते रेझीनमधून काढावे. रेझीनला मेंब्रेनसारखा दाब लागत नाही. कोकणातील मृदू पाण्याला आधी हवा दिली तरी हरकत नाही.

ज्यांची विहीर उकिरड्याजवळ किंवा भरपूर युरिया पडणाऱ्या उसाच्या मळ्यात आहे, त्यांनी पाण्यातील नायट्रेटही तपासून घ्यावे. नायट्रेट मेंब्रेनमधून इतर क्षारांपेक्षा जास्त निसटते. असे पाणी घरात पिण्यासाठी वापरत असाल तर तपासणीचे महत्त्व माशांपेक्षा लहान मुलांसाठी अधिक आहे.

नळकांडे आणि माल

रेझीन सैल भरलेले असेल किंवा नळकांडे आडवे ठेवले असेल, तर पाणी वरच्या पोकळीतून निघून जाते. उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या रानात पाणी सोडले की ते भेगांतून खाली जाते आणि ढेकळे कोरडीच राहतात, अगदी तसे. नळकांडे उभे ठेवावे, भरताना ठोकून ठोकून मणी बसवावेत, वर स्पंज दाबून घ्यावा. शक्य असल्यास दोन नळकांडी एकापुढे एक जोडावीत. पहिले संपले की दुसरे त्याच्या जागी आणावे आणि नवे मागे लावावे. त्यामुळे रेझीन पूर्ण वापरले जाते आणि टाकीत खराब पाणीही जात नाही. संपत आलेले एकच नळकांडे ताणून वापरणे धोक्याचे असते. भरलेल्या मण्यांवरून सिलिका सर्वात आधी सुटते, मीटरला ती कळत नाही, आणि समुद्री टाकीच्या काचेवर तपकिरी शेवाळाचा थर येऊ लागतो. आपल्या काळ्या पाषाणाच्या पाण्यात सिलिका भरपूर असते.

माल घेताना नीट पाहावे. पाणी मृदू करण्याचे रेझीन वेगळे. ते कॅल्शियम घेऊन सोडियम सोडते, टी.डी.एस. जवळजवळ तेवढाच राहतो. स्वस्त म्हणून ते घेतले तर ते पहिल्या दिवसापासूनच संपल्यासारखे वाटते. मृदू करण्याचे रेझीन मिठाच्या पाण्याने पुन्हा ताजे करता येते, म्हणून काही जण मिश्र रेझीनवरही मीठ ओततात. त्याने ते कायमचे वाया जाते. मिश्र रेझीन ताजे करण्यास दोन्ही मणी वेगळे करून तीव्र आम्ल व कॉस्टिक सोडा वापरावा लागतो. ते घरी करण्याचे काम नव्हे.

तुम्हाला रेझीन हवेच आहे का?

हा प्रश्न खरे तर आधी विचारायला हवा. समुद्री टाकीला ते हवे, कारण वाफ होऊन गेलेल्या पाण्याची भर क्षाररहित पाण्यानेच घालावी लागते. गप्पी, मॉली, गोल्डफिश यांना मात्र रेझीनचेच काय, आर.ओ.चे पाणीही लागत नाही. मॉलीला तर जड पाणीच मानवते. डिस्कसला मृदू पाणी हवे, पण शून्य टी.डी.एस. नको. निव्वळ क्षाररहित पाणी कोणत्याही माशाला सरळ देऊ नये. अशा वेळी आर.ओ.चे पाणी आणि बोअरचे पाणी मिसळून काम भागते. बोअर ८०० आणि आर.ओ. २० असेल व आपल्याला १५० हवे असेल, तर पाच बादल्या आर.ओ.मध्ये एक बादली बोअरची मिसळावी. खारपाणपट्ट्यातील बोअरला मात्र हा हिशेब लावू नये. तेथे पाण्यात सोडियम व क्लोराईड अधिक असतात, म्हणून पावसाचे साठवलेले पाणी मिसळण्यास चांगले.

उरलेले नवे रेझीन मूळ पिशवीतच, हवा काढून, तोंड घट्ट बांधून सावलीत ठेवावे. ते ओलसर राहिले पाहिजे. उघड्यावर ते हवेतील कार्बन डाय ऑक्साईड घेत राहते, आणि पूर्ण सुकलेले मणी पाण्यात टाकताच फुगून तडकतात. मणी जमिनीवर सांडले तर लगेच झाडून घ्यावेत, त्यावरून पाय हमखास घसरतो. वापरलेले रेझीन खताच्या खड्ड्यात टाकू नये. ते प्लॅस्टिकच आहे आणि मातीत कुजत नाही.